मातीचा पाइप, लाकडाचा पाइप

मॅट्रिकच्या सुट्टीत तात्यांचा ब्रायरचा पाइप मी साफ केला होता. वाटीच्या आतला काळा थर म्हणजे मळ, अशा समजुतीने चाकूने खरवडून आतले लाकूड अगदी स्वच्छ काढले. आठवड्याभरात वाटीच्या बुडाशी लाकूडच जळू लागले. तात्या एवढेच म्हणाले, "अरे, चिलीम असती तर चुलीत टाकली असती."

या बोलण्यात केवढा इतिहास होता, ते पुढे एम. ए. करताना कळले.

आपल्याकडे तंबाखू म्हटली की निपाणी आठवते. पण मोगल दरबारात ती गेली विजापूरहून. अकबराचा वकील असद बेग १६०४-०५ च्या सुमारास आदिलशाहीतून परतला तो तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊनच. बादशहाने थोडे झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली. तिकडे इंग्लंडात जेम्स राजाने १६०४ मध्ये तंबाखूच्या निषेधाची पुस्तिका काढली, आणि त्याच राजाने १६१९ मध्ये पाइप घडवणाऱ्या कारागिरांच्या संघाला सनद दिली! राजनीतीत असे चालायचेच.

ते पाइप पांढऱ्या मातीचे, भट्टीत भाजलेले. तंबाखू महाग म्हणून वाटी इवलीशी. ती स्वस्त झाली तशी वाटी वाढत गेली. पाइप काजळला की लोखंडी चौकटीत ठेवून भट्टीत घालायचा, पुन्हा पांढराशुभ्र. मोडला तर फेकून द्यायचा. हे तुकडे उत्खननात ढिगांनी सापडतात. काळ पुढे सरकला तसे नळीचे छिद्र बारीक होत गेले, हे हॅरिंग्टन या अमेरिकन संशोधकाने १९५४ मध्ये दाखवले आणि फुटक्या नळ्यांवरून वस्तीचा काळ ठरवता येऊ लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील सेंट-क्लोद गावी ब्रायरचे पाइप होऊ लागले. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी ही गाठ. ती तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने वाळवतात. उष्णता सोसते खरी, पण लाकूड ते लाकूडच; भट्टीत घालता येत नाही. म्हणून पाइप 'मुरवण्याची' रीत आली. नवी वाटी प्रथम एक तृतीयांशच भरायची, सावकाश ओढायची, मग अर्धी, मग पूर्ण. आत कोळशाचा पातळ थर धरतो आणि तोच लाकडाला वाचवतो. मात्र तो नाण्याच्या जाडीपेक्षा वाढू द्यायचा नाही. जाड थर तापून फुगतो आणि वाटी तडकते. नळी गरम असताना उपसायची नाही. निवल्यावर लोकरी तारेने पुसायची आणि पाइपाला दिवसभर विश्रांती द्यायची.

धूर छातीत घेत नाहीत म्हणून पाइप निरुपद्रवी, असा त्या पिढीचा समज होता. तोंडाचा कर्करोग पाइपानेही होतो, हे आता सिद्ध झाले आहे. तात्यांना हे सांगणारे तेव्हा कोणी नव्हते. त्यांनी नवा पाइप आणला, पहिले काही दिवस एक तृतीयांशच भरला, आणि साफ करायला मला कधी दिला नाही.