इंदुरी झिलई

गाडीचा रंग म्हटला की लोक छटा बघतात. आम्हा छंदिष्टांची नजर जाते ती जाडीकडे. आजची गाडी कारखान्यातून येते तेव्हा तिच्या पत्र्यावर प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत सगळं मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉनचा थर असतो, म्हणजे जेमतेम दोन केसांएवढा. झळाळी धरून ठेवणारा क्लिअर कोट त्यातला चाळीस-पन्नास मायक्रॉन. ओरखडे घालवायला एकदा मशीन फिरवलं की त्यातले दोन-तीन मायक्रॉन जातात, आणि गेलेला थर परत येत नाही. इंदुरात गाड्या चमकवण्याचा जो शौक आहे त्याचा इतिहास सांगायचा तर या थरापासूनच सुरुवात केली पाहिजे.

आमच्या शहरात हा शौक राजवाड्यातून आला. यशवंतराव होळकर दुसरे 1926 मध्ये गादीवर आले तेव्हा अठरा वर्षांचेही नव्हते. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी 1930 ते 1933 या काळात माणिकबाग हा महाल बांधून घेतला. त्याच दशकाच्या मध्यावर त्यांनी अमेरिकेच्या इंडियानापोलिस शहरातून ड्यूसेनबर्ग एसजेची नुसती चासी मागवली, ती लंडनला गर्नी नटिंग या कोचबिल्डरकडे पाठवली आणि तिच्यावर दोन माणसांची लांबलचक स्पीडस्टर बॉडी चढवून घेतली. सुपरचार्जर लावलेलं सुमारे 6.9 लिटरचं इंजिन, 320 अश्वशक्ती, आणि रंग नारिंगी-काळा. आत कोण बसलंय ते रस्त्यावरच्या शिपायाला दुरूनच कळावं म्हणून पुढे लाल आणि निळे दिवे. गर्नी नटिंगनेच त्यांच्यासाठी हिस्पानो-सुइझा जे12 वरही बॉडी बांधली.

या माणसाची चकाकीची नजर किती तयार होती ते गाड्यांपेक्षाही दुसऱ्या एका खरेदीवरून कळतं. ब्रांकुशी या शिल्पकाराचे ‘बर्ड इन स्पेस’ हे तीन पक्षी त्यांनी घेतले: एक पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या, आणि एक ब्राँझचा. ब्राँझ आरशासारखं होईपर्यंत ब्रांकुशी ते हाताने घासत बसे. इंदुरात या शिल्पांसाठी मंदिर उभारायचं म्हणून 1938 च्या सुरुवातीला तो इथे येऊनही गेला. मंदिर झालं नाही. दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत, ब्राँझचा कॅलिफोर्नियात नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे, ड्यूसेनबर्गही अमेरिकेत गेली, आणि माणिकबागेत केंद्रीय जीएसटीचं कार्यालय आहे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, कामानिमित्त त्या वास्तूत गेलो आहे. कुठल्याही पृष्ठभागावर उजेड कसा पडावा याचा विचार करून बांधलेली ती इमारत आहे, आणि तिच्या मालकाला गाडीच्या बॉनेटवर फडक्याची एक रेघही खपली नसेल अशी माझी खात्री आहे.

त्या काळच्या रंगाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. 1920 पर्यंत मोटारींना बग्घीसारखाच तेलाचा रंग आणि व्हार्निश लावत. एकेक हात वाळायला दिवस लागे, पूर्ण गाडीला आठवडे. मग ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी मिळून ड्यूको हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला आणि 1923 मध्ये ओकलंड गाड्यांवर तो पहिल्यांदा चढला. हा रंग मिनिटांत वाळतो, कारण त्यातला थिनर नुसता उडून जातो. पण वाळल्यावर तो अंगची चमक दाखवत नाही. त्याला घासावंच लागतं. झिलई हा तेव्हा रंगकामातलाच शेवटचा टप्पा होता, नंतर वेगळे पैसे देऊन करून घ्यायची गोष्ट नव्हे. आणि उन्हाशी या रंगाचं वैर. माळव्याच्या एप्रिल-मेमध्ये उघड्यावर ठेवलेली सेल्युलोजची गाडी बघता बघता पांढुरकी पडते. लाल आणि नारिंगी तर सगळ्यात आधी. म्हणून संस्थानी गाड्यांना सावलीचं गॅरेज, वर सुती खोळ आणि ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरून काढलेल्या कार्नोबा मेणाचा हात, एवढं लागेच.

संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झालं. 1971 मध्ये तनखे बंद झाले. देशभरातल्या राजेरजवाड्यांच्या गाड्या परदेशी जाऊ लागल्या आणि 1970 च्या दशकात सरकारला त्यांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. पण हात इथेच राहिले होते. छावनी, छोटी ग्वालटोली, मालवा मिलच्या आजूबाजूच्या गॅरेजांतून डेंटर आणि पेंटर यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या, आणि सियागंजात थिनर, लांबी, पाण्याचा पेपर, कटिंग कंपाउंड असं सगळं सुटं मिळू लागलं. त्यांच्यापुढे आता ड्यूसेनबर्ग नव्हती, फियाट आणि अँबेसेडर होत्या.

आमच्या रामबागेतल्या घरी आप्पांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून आहे. तिचं काम करणाऱ्या पेंटरना सगळे उस्ताद म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांची पद्धत मी जवळून पाहिली आहे. पत्रा खरवडून रेड ऑक्साइड, मग लांबी, मग पाण्याच्या पेपरने घासाई. पेपर लाकडी गुटक्याला गुंडाळलेला, मधूनमधून साबणाच्या वडीवर घासून घेतलेला, म्हणजे तो अडत नाही. सहा-सात हात रंगाचे, प्रत्येक पातळ. मग गाडी तशीच ठेवून द्यायची. थिनर पुरता उडून रंग बसला की बारीक पेपर, मग कंपाउंड, आणि शेवटी आईच्या जुन्या मलमलच्या लुगड्याचा तुकडा. कडा आणि बॉनेटवरची उठलेली रेघ आली की उस्ताद बोटं उचलून नुसत्या तळहाताने फडका फिरवत, कारण कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो. “हाथ हलका,” एवढंच म्हणत. पावसाळ्यात ते रंगाला हात लावत नसत. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग दुधाळ होतो. श्रावणात रंगवलेली गाडी ओळखू येते, असं ते म्हणत आणि ओळखूनही दाखवत.

त्या कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पद्मिनीवर क्लिअर कोट नव्हता. घासलं की फडक्यावर गाडीचाच रंग यायचा. निळी गाडी, निळा फडका. आपण किती काढतोय हे डोळ्यांसमोर असायचं, आणि फडका फार निळा व्हायला लागला की माणूस आपोआप थांबायचा. कुठलंही यंत्र नसताना मर्यादा पाळली जात होती ती यामुळे.

सणांचा विषय इथे टाळता येणार नाही. खंडेनवमीला होळकरांकडे शस्त्रांची पूजा व्हायची. आम्ही मराठी माणसं त्या दिवशी आणि दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढतो. हळदीचा डाग उन्हाने उडतो, पण हलक्या कुंकवातला रासायनिक रंग जुन्या उघड्या रंगात मुरतो. मी स्वस्तिक काचेवर काढतो. पूजा तेवढीच होते. रंगपंचमीची मिरवणूक, आमची गेर, मात्र वेगळं प्रकरण आहे. टोरी कॉर्नर, राजवाडा, सराफा या भागात तोफांनी गुलाल उडतो, टँकरने रंगाचं पाणी उडतं, आणि वाऱ्याबरोबर ते दोन-दोन गल्ल्या आत जातं. गेर इंदुरी माणसाच्या रक्तात आहे, ती सोडा असं मी कुणालाच म्हणणार नाही. गाडी आदल्या रात्री मेण लावून लांब नेऊन ठेवावी, आणि आल्यावर कोरड्या गुलालावर हात न फिरवता आधी भरपूर पाणी सोडावं.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली. त्याच दशकात इंदुरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर पिथमपूर उभं राहिलं: बजाज टेम्पो, कायनेटिक होंडा, आयशर. रंगाच्या दृष्टीने खरा बदल मेटॅलिक गाड्यांनी आणला. त्यात खाली रंगाचा पातळ थर आणि वर बिनरंगी क्लिअर कोट. घासण्याची गरजच उरली नाही. गाडी भट्टीतून चमकतच बाहेर येऊ लागली. आणि फडका मुका झाला. क्लिअर कोट घासला तर फडक्यावर फक्त पांढुरकं काहीतरी येतं. आपण पाच मायक्रॉन काढले की पंधरा, कळायला मार्ग नाही. नेमक्या याच काळात गल्लोगल्ली रबिंग-पॉलिश सुरू झालं, शोरूममधून टेफ्लॉन कोटिंगची पावती फाडली जाऊ लागली, आणि जुन्या रंगाची जोरकस घासाई नव्या रंगावर चालू राहिली. दर दिवाळीला गाडी जाड कंपाउंडने घासून घेणाऱ्यांच्या छपराचा क्लिअर कोट काही वर्षांत सोलून निघालेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे. दोष कारागिरांचा नाही. त्यांना नव्या थराचं माप कुणी दिलंच नव्हतं.

माप आलं ते छंदिष्टांबरोबर. जाडी मोजायचं गेज, लोकरीच्या पॅडऐवजी फोमचा पॅड, गोल फिरता फिरता डुगडुगणारं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, ब्रेकच्या लोखंडी कणांवर पडताच जांभळं होणारं रसायन, क्लेची वडी. इंदुरात आज डॉक्टर, कॉलेजची पोरं, कापडाचे व्यापारी असे सगळे यात आहेत. रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरवर गाड्या येतात, मग छप्पन दुकानला पोहे, आणि पोह्यांच्या प्लेटवर चर्चा पॅडची. पिथमपूरला 2021 मध्ये नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक सुरू झाल्यापासून गाड्यांचं वेड आणखी वाढलं आहे. या पोरांचं मला कौतुक आहे. ती वाचतात, मोजतात, विचारतात.

त्यांना मी दोन गोष्टी सांगत असतो. पहिली पाण्याची. माळव्याच्या काळ्या दगडातून आलेलं बोअरिंगचं पाणी जड असतं. उन्हात गाडीवर वाळलं की पांढरे गोल ठिपके पडतात आणि ते क्षार रंगाला कोरतात. 1978 मध्ये जलूदहून सत्तर किलोमीटर वर चढून आलेलं नर्मदेचं पाणी त्यामानाने हलकं आहे. ते पिण्याचं पाणी असल्यामुळे शेवटच्या अर्ध्या बादलीपुरतंच वापरावं आणि लगेच टिपून घ्यावं. दुसरी धुळीची. काळ्या मातीची धूळ चिकट असते आणि तिच्यात वाळूचे कण असतात. रोज सकाळी तिच्यावर कोरडा फडका मारणं हे इंदूरच्या गाड्यांवरच्या जवळजवळ सगळ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या बारीक ओरखड्यांचं मूळ आहे. महिन्याच्या पगारावर गाड्या पुसणारा माणूस एका फडक्यात वीस गाड्या उरकतो. त्याला दोन बादल्या आणि चार मायक्रोफायबर आपण घेऊन दिले तर सिरॅमिक कोटिंगच्या निम्म्या खर्चाची गरज उरत नाही. त्या कोटिंगच्या जाहिरातीतलं 9एच हे पेन्सिलच्या कठीणपणाचं माप आहे, दगडाच्या नव्हे. वाळूचा कण त्यालाही ओरखडतोच.

सगळ्यात जास्त तळमळ मला आहे ती मूळ रंगाची. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसावा ही त्यातली अट. रंगाबद्दल नियमात सक्ती नसेल, पण जाणकाराच्या लेखी कारखान्यातला पहिला थर हा गाडीचा जन्मदाखला असतो. इंदूरच्या वाड्यांत, जुन्या पलासियाच्या बंगल्यांत अजूनही अशा फियाट, अँबेसेडर, जावा उभ्या आहेत. त्या विकायला किंवा लग्नात काढायला म्हणून लोक नव्याने रंगवून घेतात, आणि साठ-सत्तर वर्षं टिकलेला थर दोन दिवसांत पाण्याच्या पेपरखाली वाहून जातो.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर रंगवायला टाकण्याआधी एक करा. दाराच्या आतल्या कडेचा, डिकीच्या झाकणाखालचा रंग बघा. तो शाबूत असेल तर बाहेरचाही बहुधा वाचतो. सावलीत धुवा, मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश, आणि फडक्यावर रंग आला की थांबा. शेजारपाजारी जुने पेंटर अजून असतील तर त्यांना बोलवा, चहा पाजा, त्यांची पद्धत नीट लिहून घ्या. उस्ताद गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या वयाचे फार थोडे उरले आहेत.