सांभाळायला आणलेलं मूल त्रास देतंय? प्रशिक्षण पालकांना!

दुसऱ्याचं मूल ठराविक काळासाठी घरी आणून सांभाळणं म्हणजे फॉस्टर केअर, मराठीत प्रतिपालकत्व. दत्तक वेगळं. यात मूल कायद्यानं आपलं होत नाही.

आईवडिलांपासून तुटलेलं मूल नव्या घरी उलट बोलतं, खोटं बोलतं, आदळआपट करतं. मग 'आमच्याच्यानं होणार नाही' म्हणून त्याला परत पाठवलं जातं आणि पुढच्या घरी ते आणखी बिघडतं. या चक्रावर अमेरिकेत पॅट्रिशिया चेंबरलेन यांच्या गटानं बरंच काम केलंय. फोन करून पालकांना ठरलेली यादी वाचून दाखवायची आणि गेल्या चोवीस तासांत मुलानं यातलं काय काय केलं, एवढंच विचारायचं. दिवसाला सहापर्यंत प्रकार बहुतेक पालक सोसतात, असं दिसलं. त्यापुढे प्रत्येक वाढीव प्रकारामागे मूल घरातून हलवलं जाण्याचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी वाढत होता. नातेवाइकांकडे असलेली मुलं मात्र तुलनेनं टिकली. मामाचं घर ते मामाचंच!

पुढे सॅन दिएगोत 'कीप' नावाचं प्रशिक्षण 700 कुटुंबांमध्ये तपासलं गेलं. मुलं 5 ते 12 वर्षांची. आठवड्यातून एकदा दीड तास, असे 16 आठवडे. एका गटात तीन ते दहा पालक. कुणाची बैठक चुकली तर प्रशिक्षक घरी जाऊन शिकवायचा. व्याख्यान कमी, 'काल घरी काय झालं' यावर बोलणं जास्त.

शिकवलं काय? मूल नीट वागलं की लगेच तसं बोलून दाखवा. दप्तर जागेवर ठेवलं, भावंडाला खेळणं दिलं, एवढंही पुरतं. शिक्षा छोटी, आधी सांगितलेली आणि आरडाओरड न करता. आपल्याकडे नेमकं उलटं असतं, चांगलं वागणं गृहीत आणि चुकलं की धपाटा. या पालकांचं शाबासकीचं प्रमाण वाढलं, तशा मुलांच्या खोड्या कमी झाल्या. सहापेक्षा जास्त प्रकार करणाऱ्या मुलांमध्ये फरक अधिक दिसला.

आपल्याकडे बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 44 मध्ये प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. बेळगाव असो, कोल्हापूर असो की गोवा, कायदा एकच. 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येतं. अर्जाचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष पाहतो, निर्णय बाल कल्याण समितीचा. चौकशीला गेलात की प्रशिक्षणाचं आणि नंतरच्या भेटींचं आवर्जून विचारा.