डिलाईल रोड, बुधवारची पंगत

साल १९७८. बुधवार आहे, दुपारचे साडेतीन वाजायला आलेत आणि तुम्ही मुंबईत डिलाईल रोडवर बी.डी.डी. चाळींच्या आवारात उभे आहात. घड्याळ बघू नका, गिरणीचा भोंगा होईलच. पहिली पाळी सुटेल, दुसरी आत जाईल आणि पाच मिनिटांत रस्ता असा भरून जाईल की गर्दीच तुम्हाला पुढे नेईल. या माणसांच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे पांढरे तंतू बसलेले दिसतील. सांचेखात्यातले, म्हणजे विणकामाकडचे, लोक जरा मोठ्यानं बोलतील. मागांच्या खडखडाटात अख्खी पाळी काढल्यावर हळू बोलायची सवयच मोडते.

तुम्हाला भूक लागली आहे. नाक्यावर इराणी आहे, तिथे चहा आणि ब्रून मस्का मिळेल. पुढे उडप्याकडे राईस प्लेट आहे. आज तिकडे वळू नका. समोरचे तिघं जिथे वळतील तिथे वळा आणि त्यांच्यामागून जिना चढा. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. पाटी कुठेच नाही. भाजलेल्या खोबऱ्याचा वास जिथून येतोय ते दार आपलं.

दारात चपलांचा ढीग. आत भिंतीकडेला सात-आठजण मांडी घालून बसलेले, आणखी चौघं व्हरांड्यात ताटं रिकामी व्हायची वाट बघत उभे.

"ह्यो कोण नवा?" मावशी तव्यावरची नजर न काढता विचारते.

"आमच्या गावचा हाय. बदलीवर लागलाय," तिघांतला एक परस्पर सांगून टाकतो.

"बस. मोरीत हात धुऊन घे. आज वशाट हाय, चालतं न्हवं?"

एवढ्यावर तुम्ही या खाणावळीचे झालात. आगाऊ रक्कम नाही, नाव-पत्ता नाही. गाव कळलं, पुरे झालं.

ताट येतं. ज्वारीची भाकरी, कांदा-खोबरं भाजून वाटलेला मटणाचा रस्सा, चिमूटभर मीठ, कांद्याची फोड. मटणाच्या फोडी दोनच, पण रस्सा मागाल तेवढा. भाकरी कुस्करून त्यात रस्सा ओता, बाकीचेही तसंच खातायत. बुधवार आणि रविवार हे इथले मोठे दिवस, एरवी उसळ, आमटी, भात, चपाती. वाढायला दहा-अकरा वर्षांची पोरगी आहे, शाळेचा गणवेश अजून अंगावरच. ती वाकून वाढते तेव्हा समोरचा माणूस पाय आखडून घेतो, कारण दोन पंगतींच्या मधे एका माणसाच्या पावलाएवढीच जागा आहे.

आता मावशीचे हात बघा. दोन स्टोव्ह, दोन तवे. एका तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत दुसरी परातीत थापून होते. मधेच ती मागे न बघता म्हणते, "त्याला तिखट नको, पोट बिघडलंय त्याचं," आणि पोरगी कोपऱ्यातल्या पातेल्यातून मऊ भात उचलते. ही बाई पहाटे चारला उठली आहे. सातच्या पाळीआधी डबे गेले, आता ही पंगत, मग रातपाळीवाल्यांची. बारा वाजता दुसरी पाळी सुटेल तेव्हाही कुणीतरी जेवायचा राहिलेला असेल. रात्री हीच जमीन पुसून इथेच तिचं घर झोपतं.

खुंटीला लटकलेली वही मुद्दाम उघडून बघा. प्रत्येक नावापुढे महिन्याचे दिवस आणि अधूनमधून फुल्या. फुली म्हणजे खाडा. माणूस गावी गेला, आजारी पडला, पाहुण्याकडे जेवला, की तेवढे खाडे महिन्याच्या हिशेबातून वजा. पैसे मिळायचे पगार झाल्यावर. आणि माझ्या मते, गिरणगावाचं खरं अर्थशास्त्र या वहीतच आहे. गिरणी माणसाकडून महिनाभर काम करून घेते आणि पगार नंतर देते. त्याला भूक मात्र रोज लागते. मधले दिवस कोण सांभाळतं? मावशी. ज्वारी, तेल, रॉकेल तिला रोज लागतं. वाणी उधार देतो तो चढा भाव लावून. सावकार व्याज लावतो. अडचण आली की मंगळसूत्र गहाण पडतं आणि पगार झाल्यावर सुटतं. इथलं जेवण स्वस्त आहे याची किंमत तिनं आधीच मोजलेली असते. मुंबईच्या कापडाचा इतिहास लिहिताना मालकांच्या भांडवलाबद्दल आपण पानंच्या पानं लिहिली. या भांडवलाबद्दल फार थोडं लिहिलं.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. मघाशी तुम्हाला गाव विचारलं, त्यात जातही कळत होती. खाणावळी गावागावाच्या होत्या आणि गाव मुंबईत आलं ते आपल्या वेशीसकट आलं. गिरणीतसुद्धा सांचेखात्यात दलित कामगारांना घेत नसत. कांडीतला धागा धोट्यातून तोंडानं ओढून काढावा लागे आणि दुसऱ्याच्या ओठाचा विटाळ इतरांना नको होता. १९२८च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. तुमच्या या पंगतीत सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात, आणि ते खरंच आहे. कोण या पंगतीला कधीच आलं नाही, हेही तितकंच खरं.

हात धुताय तोवर दारातून एक शेजारीण डोकावते. "सहाला मीटिंग हाय. यायचं म्हंजे यायचंच." मावशी मान हलवते. ही मीटिंग अन्नपूर्णा महिला मंडळाची. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ते उभं केलं. संपाच्या दिवसांत या बायका उधारीवर जेवू घालतात आणि स्वतः कर्जात बुडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, गरिबांना कर्ज द्यायचं धोरणही जाहीर झालं होतं. पण बँकेची पायरी चढायची कशी, हे चाळीतल्या एका खोलीतल्या बाईला कोण सांगणार? प्रेमाताईंनी बायकांचे गट बांधले, एकीला दुसरी जामीन. कर्ज मिळालं आणि ते फिटलंही. व्यवसाय करणारी बाई म्हणून मावशीचं नाव पहिल्यांदा एका कागदावर आलं. मला तर तो कागद गिरणगावातल्या कुठल्याही चिमणीइतका उंच वाटतो.

आता चार वर्षं पुढे चला. १९८२, दिवाळीच्या आसपास. तोच जिना, तीच खोली. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. भोंगे बंद. पंगतीत आता तिघंच आहेत. बाकीचे गावी गेले, कुणी शेतावर, कुणी मिळेल त्या कामावर. भाकरी तशीच आहे, बुधवारचं वशाट मात्र कधीच बंद झालंय. वहीत नावापुढे आकडे वाढत गेलेत, खोडलेला एकही नाही.

तुम्हाला माहीत आहे पुढे काय होणार. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला जाणार नाही आणि कितीतरी जण कामावर परतणार नाहीत. सांगावंसं वाटेल मावशीला. सांगून काय होणार? समोर बसलेल्याला ती जेवायला वाढणारच. कितीतरी खाणावळी याच वर्षांत मोडल्या. ज्या टिकल्या त्यांतल्या काहींनी गिरणीकडून कचेऱ्यांकडे तोंड वळवलं, डबे केले, कँटीनची, समारंभाची कामं घेतली.

परत येताना २०१२ साली जरा थांबा. एव्हाना बऱ्याच गिरण्यांच्या जमिनी विकून झाल्यात. फिनिक्समध्ये मॉल उभा आहे, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या. म्हाडाची गिरणी कामगारांच्या घरांसाठीची पहिली सोडत याच वर्षी निघाली. कामगार किंवा त्याचा वारस, गिरणीतल्या नोकरीचा पुरावा, अशा अटी. घरं कमी आणि अर्जदार फार, त्यामुळे तिथेही वाट बघणारेच जास्त. पण निदान त्यांचं नाव यादीत तरी आहे. मावशी कुठल्या गिरणीची? कुठल्याच हजेरीपटावर ती नव्हती, तेव्हा अर्जात भरायला तिच्याकडे गिरणीचं नाव नाही. तिच्याकडे आहे ती वही, आणि त्या वहीतल्या येण्याला पुरावा म्हणून कुणी विचारत नाही.