तुकोबांच्या पुलावरून: रेव्हरंड टिळकांची शेवटची दोन वर्षं

देहूरोड हे गाव मजेशीर आहे. इकडे लष्कराचा डेपो, तिकडे थोड्याच अंतरावर इंद्रायणी आणि तुकोबा. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली तीही इथेच. नाताळचा दिवस, बरं का! अशा गावात एका ख्रिस्ती माणसाबद्दल बोलायचं तर मला नारायण वामन टिळकच आठवतात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतःबद्दल सांगत.

आपण टिळकांना शाळेत फुलांमुलांचे कवी म्हणून भेटतो आणि तिथंच सोडतो. बाप्तिस्मा १८९५ चा, मुंबईत. त्या काळी धर्म बदललेला माणूस घरच्यांच्या लेखी मेल्यातच जमा. लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० चा. म्हणजे टिळकांनी एक मरण तेव्हाच पाहिलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

पण माझ्या मते त्यांचा खरा नवा जन्म १८९५ चा नाही, १९१७ चा आहे. वय पंचावन्न. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये मान होता, पगार होता, ज्ञानोदयाचं काम होतं. पाळक म्हणून दीक्षा मिळालेली. अशा वयात माणूस काय करतो? पेन्शनचा हिशोब. टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्याशाची वृत्ती धरली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. ख्रिस्ताला गुरू मानतो ना, मग बस शेजारी! चर्चच्या शिस्तीत ही गोष्ट बसणं अवघडच होतं.

इथे तुकोबा पुन्हा येतात. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. मग भंडाऱ्याचा डोंगर. मरण दारात येऊन गेलं की काही लोक दार घट्ट लावून घेतात, काही दार उघडंच ठेवतात. तुकोबा दुसऱ्या जातीचे. टिळकही. त्यांनी अभंग लिहिले ते नुसती हौस म्हणून नव्हे. ख्रिस्ताशी बोलायला त्यांना हीच भाषा आपली वाटली. चर्चमध्ये साहेबी चाल आणि घरी मराठी, हे त्यांना पटत नसे.

दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताचं ओवीबद्ध चरित्र दहा-अकरा अध्यायांवर अडलेलं.

ते लिहायला कोण बसलं? लक्ष्मीबाई! शाळा न पाहिलेली, धर्मांतरानं एकेकाळी कोलमडलेली बाई. त्यांनी त्यात चौसष्ट अध्याय घातले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. राहिलेला शेवट मुलानं, देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ मध्ये पुस्तक छापून आलं.