किल्ली कोणाच्या हातीं?

घर बांधणें हें जसें एक कार्य, तसेंच घर विकणें हेंहि एक कार्यच होय. आणि पुष्कळदां तें अधिक अवघड असतें. बिऱ्हाड हललेलें असतें, खोल्या ओक्या पडलेल्या असतात, मालक दुसऱ्या गांवीं असतो, आणि घर पाहूं इच्छिणारीं माणसें मात्र वेळींअवेळीं येत असतात. अशा वेळीं एक साधा प्रश्न उभा राहतो. किल्ली कोणाच्या हातीं द्यावी? शेजाऱ्याच्या, पहारेकऱ्याच्या, कीं दलालाच्या? आपल्याकडे बहुधा यांपैकींच कोणी तरी ती सांभाळतो. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या प्रश्नाचें निराळें उत्तर रूढ झालें. दाराच्या मुठीला एक बळकट लहानशी पेटी अडकवावयाची, तींत घराची किल्ली ठेवावयाची, आणि पेटी उघडण्याचे आंकडे दलालांस सांगून ठेवावयाचे. ही किल्लीपेटी आतां इतर देशांतहि दिसते. वस्तु क्षुल्लक, परंतु ती दारावर लागली कीं घराच्या भारी कुलपाचें बळ तिच्या बळाइतकेंच उरतें. म्हणून तिची निवड करूं पाहणाऱ्यानें कुलपाचा इतिहास थोडा तरी ध्यानीं घ्यावा.

माणूस धान्य आणि धन सांठवूं लागला, तेव्हां दाराला अडसर आला. आणि तो अडसर बाहेरूनहि काढतां यावा म्हणून किल्ली आली. प्राचीन मिसर देशाच्या लांकडी कुलपांत अडसराला भोंकें असत व वरून त्यांत लहान खुंट्या पडत. दांतेरी किल्ली आंत घालून उचलली म्हणजे खुंट्या वर जात आणि अडसर सरके. रोमन लोकांनीं धातूचीं कुलपें केलीं. पुढें कित्येक शतकें युरोपांत कुलपाची मुख्य भिस्त आंतील आडव्या कडांवर होती. योग्य खांचांची किल्लीच त्या कडांमधून फिरूं शके. परंतु मधला भाग कापून टाकलेली सांगाड्यासारखी किल्ली असलीं पुष्कळ कुलपें उघडी. नक्षी अप्रतिम आणि सुरक्षितता बेताची, अशी ती स्थिति होती.

ती पालटली इंग्लंडांत. १७७८ सालीं रॉबर्ट बॅरन यानें असें कुलूप काढलें कीं, ज्यांतील खटके नेमक्या उंचीपर्यंतच उचलावे लागत. कमी उचलले तरी अडसर अडे, अधिक उचलले तरी अडे. १७८४ सालीं जोसेफ ब्रामा यानें नळीच्या आकाराच्या किल्लीनें उघडणारें कुलूप केलें. त्याच्या कारखान्यांतील हेन्री मॉड्स्ले या तरुण कारागिरानें बनविलेलें एक कुलूप लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरील दुकानाच्या खिडकींत मांडण्यांत आलें. जो कोणी तें किल्लीवांचून उघडील त्याला २०० गिनी बक्षीस मिळेल, असें आव्हान त्यावर लिहिलें होतें. ब्रामा १८१४ सालीं वारला, तरी कुलूप खिडकींत अजिंक्यच राहिलें.

इकडे १८१७ सालीं पोर्ट्समथच्या सरकारी गोदींत चोरी झाली, आणि केवळ स्वतःच्याच किल्लीनें उघडेल अशा कुलपासाठीं सरकारनें १०० पौंडांचें बक्षीस लावलें. १८१८ सालीं जेरेमाया चब यानें तें मिळविलें. त्याच्या कुलपाची खुबी निराळीच होती. भलत्या हत्यारानें आंतील पट्टी प्रमाणाबाहेर उचलली गेली कीं तें कुलूप अडकून बसे, आणि मग खरी किल्लीहि त्याला सहजासहजीं उघडूं शकत नसे. मालकाला तत्काळ कळे कीं, कोणी तरी येऊन गेलें. म्हणजे कुलूप आतां नुसतें अडवीत नव्हतें, तर साक्षहि देऊं लागलें. पोर्ट्समथला नांगरलेल्या बंदिजहाजावर कुलपें करण्याचा धंदा जाणणारा एक कैदी होता. हें कुलूप उघडल्यास शिक्षेची माफी आणि वर १०० पौंड, असें त्याला आमिष दाखविलें. कित्येक आठवडे खटपट करून त्यानें हात टेकले.

मग १८५१ सालचें लंडनचें महाप्रदर्शन आलें, आणि त्याबरोबर ए. सी. हॉब्स नांवाचा अमेरिकन कुलूपकार आला. २२ जुलै रोजीं वेस्टमिन्स्टरमधील एका घरीं, साक्षीदारांसमक्ष, त्यानें चबचें कुलूप सुमारें २५ मिनिटांत उघडलें, आणि त्याला कसलीहि इजा न करतां ७ मिनिटांत परत लावून दाखविलें. पुढें त्यानें ब्रामाच्या आव्हानाला हात घातला. १६ दिवसांच्या अवधींत एकंदर ५१ तास काम करून तेंहि त्यानें उघडलें, आणि २०० गिनी पदरांत पाडून घेतल्या. त्याची युक्ति जादूची नव्हती. अडसरावर हलकासा ताण ठेवावयाचा आणि आंतला कोणता भाग अडतो आहे हें बोटांनीं चाचपीत जावयाचें, एवढेंच तिचें सार.

इंग्लंडांत एकच गहजब उडाला. असले दोष उघड करणें म्हणजे चोरांना शिकविणें, असें कित्येकांचें म्हणणें पडलें. परंतु चार्लस टॉम्लिन्सन यानें १८५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या कुलपांवरील ग्रंथांत उलट बाजू मांडली. चोर आपल्या धंद्यांत आधींच तरबेज असतात. अज्ञानांत राहतो तो बापडा गृहस्थ. दोष लपवून कुलूप बळकट होत नसतें. हा विचार आजहि तितकाच खरा आहे.

त्यानंतर अमेरिकेंत धाकट्या लायनस येल यानें १८६१ व १८६५ सालीं मिसरी खुंट्यांचेंच तत्त्व एका लहानशा नळकांड्यांत बसविलें, आणि खिशांत मावणारी चपटी किल्ली घरोघर पोंचली. आपल्याकडे वकिली सोडून उद्योगाकडे वळलेले अर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं मुंबईंत कुलपांचा कारखाना काढला. आणि स्वदेशी कुलूप विलायती कुलपाच्या पंक्तीस बसूं शकतें हें दाखवून दिलें.

हा इतिहास किल्लीपेटीला तंतोतंत लागू पडतो. पहिला प्रश्न ब्रामाचा: ही उघडावयास किती अवघड आहे? येथें साधें गणित उपयोगीं पडतें. चार आंकडी चक्रांच्या पेटीचे १०,००० मेळ होतात. दहा कळांच्या कित्येक स्वस्त पेट्यांत मात्र कळा दाबण्याच्या क्रमाला महत्त्व नसतें. त्यांपैकीं चार कळा निवडल्या तर मेळ होतात अवघे २१०. एकेका मेळाला पांच सेकंद धरले तरी सारे मेळ १८ मिनिटांच्या आंत करून पाहतां येतात. हॉब्सची कला अंगीं नसलेल्या माणसालाहि हें काम त्याच्याहून लवकर साधेल! शिवाय हलक्या प्रतीचीं चक्रें ताण देऊन चाचपतां येतात, हा हॉब्सचाच धडा.

दुसरा प्रश्न चबचा: ही पेटी साक्ष देते काय? सर्व दलालांना एकच आंकडा सांगितला म्हणजे कोण केव्हां आंत गेला हें कोणासच कळत नाहीं. अलीकडील विजेच्या पेट्यांत प्रत्येकाला निराळा संकेत देतां येतो, त्याची मुदत ठरवितां येते, आणि कोणी कितव्या वाजतां उघडली याची नोंद राहते. चबची अडकून बसणारी पट्टी आणि ही नोंद, दोहोंचा हेतु एकच.

तिसरा प्रश्न जागेचा. पातळ गजाला टांगलेली पेटी उघडावी लागतच नाहीं. गज कापून ती उचलून नेतां येते. ती भक्कम आधाराला, आणि रस्त्यावरून दिसणार नाहीं अशी लावावी. आंतील किल्लीवर घराचा पत्ता लिहूं नये. दागिने आणि कागदपत्रें घर दाखविण्यापूर्वींच हलवावीं. संकेतहि अधूनमधून बदलावा.

तथापि पेटी कितीहि उत्तम असली तरी तिला एक मर्यादा आहेच. किल्ली एकदां बाहेर निघाली कीं तिची प्रतिकृति करण्यास बाजारांतला कारागीर पुरे. आणि ती झाली हें कोणतीहि पेटी सांगूं शकत नाहीं. यास्तव व्यवहार पुरा होतांच नव्या धन्यानें पहिलें काम करावें तें दाराचें कुलूप बदलण्याचें.

जुन्या घरांत सासू किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हातीं देई, तेव्हां ती लोखंड देत नसे, संसार देत असे. घर विकणाराहि कोणाच्या तरी हातीं असाच विश्वास ठेवीत असतो. कुलूपकारांच्या दोनशें वर्षांच्या खटपटीनें तो विश्वास अनावश्यक ठरविला नाहीं. तो कोणावर, किती आणि कोठपर्यंत ठेवावा, हें पारखून घेण्याचें साधन मात्र गृहस्थाच्या हातीं दिलें.