थुंकीच्या डबीचा हिशेब

काशीतील संकठा घाट हा शिंदे घाट आणि भोसले घाट यांच्या दरम्यान आहे. मराठी यात्रेकरूस आजूबाजूची नावे ओळखीची वाटतात. पायऱ्या चढून वर गेले की अरुंद गल्ल्या लागतात. मोटार तेथे शिरत नाही. कमी साधनांच्या दवाखान्यातील क्षयनिदानाच्या खर्चाचा विचार अशाच वस्तीपासून सुरू करावा. कारण येथे पहिला प्रश्न 'कोणते यंत्र उत्तम' हा नसून 'रुग्णापर्यंत काय पोहोचेल' हा असतो.

स्वातंत्र्यानंतर शासनापुढे हाच प्रश्न होता. पाश्चात्त्य देशांनी क्ष-किरण यंत्रे गाड्यांवर चढवून सरसकट सर्वांच्या छातीची तपासणी केली होती. आपल्याला तो खर्च पेलणारा नव्हता. 1959 मध्ये बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथील डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील पाहणीचे निष्कर्ष 1963 मध्ये प्रसिद्ध केले. निम्म्याहून अधिक रुग्ण आपणहून दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याचे औषध घेऊन परतले होते! रुग्ण शोधत हिंडण्याआधी दारी आलेल्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, हा त्याचा सरळ अर्थ. 1962 मध्ये आखलेला राष्ट्रीय कार्यक्रम याच विचारावर उभा होता.

तथापि स्वस्त तपासणीलाही मर्यादा होत्या. एका मिलिलिटर थुंकीत सुमारे 10,000 जंतू असल्याखेरीज ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा दिसत नाहीत. त्यामुळे बरेच रुग्ण, विशेषतः बालके आणि एचआयव्हीबाधित, निसटत. शिवाय नमुने देण्यासाठी पुन्हा यावे लागे. हातावर पोट असणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडे, परंतु हा खर्च सरकारी ताळेबंदात कोठेच दिसत नसे. 2009 मध्ये तीनऐवजी दोन नमुने पुरेसे मानले गेले, तेव्हा कागदावर लहान वाटणारा हा बदल रुग्णाच्या दृष्टीने मोठा होता.

याच काळात खासगी क्षेत्रात क्षयासाठी रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्या फोफावल्या होत्या. करायला सोप्या, पण निष्कर्ष भरवशाचे नाहीत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतातील 15 लाख संशयित रुग्णांचा हिशेब मांडला. थुंकीऐवजी रक्त तपासल्यास खर्च सुमारे चौपट होईल आणि क्षय नसलेल्या लाखाहून अधिक लोकांना जादा क्षयरोगी ठरवले जाईल, असे त्यातून निघाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नयेत असे सांगितले. 2012 मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली.

2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जनुकीय चाचणीच्या 'जीनएक्सपर्ट' यंत्राची शिफारस केली. दोन तासांत निदान आणि रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतात की नाही, हेही कळते. मात्र त्यास खात्रीची वीज आणि थंड खोली लागते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे 'ट्रूनॅट' बॅटरीवर चालते. 2020 मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली.

मग प्रश्न सुटला काय? आफ्रिकेतील चार देशांच्या प्राथमिक दवाखान्यांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. यंत्रामुळे त्याच दिवशी उपचार सुरू होणाऱ्यांचे प्रमाण वाढले. परंतु काही महिन्यांनंतर रुग्णांच्या प्रकृतीत विशेष फरक आढळला नाही. जेथे सूक्ष्मदर्शक होता तेथे डॉक्टरांनी लक्षणे पाहूनच अनेकांना औषध सुरू केले होते.

24 मार्च 2023 रोजी जागतिक क्षयरोग परिषद वाराणसीतच भरली. 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध जाहीर केला तो हाच दिवस. अशा परिषदांत यंत्रांच्या संख्येची चर्चा होतेच. आम्हां प्रशासकांची सवय 'दर तपासणीस किती खर्च' असे विचारण्याची. त्या भागाकारात भाजक चुकीचा आहे. अचूक निदान होऊन ज्याचे उपचार सुरू झाले, असा रुग्ण भाजकाच्या जागी घालावा आणि त्याची बुडालेली मजुरी खर्चात धरावी. मग अहवाल पोहोचण्याआधीच रुग्ण हातचा गेला, तर दहा रुपयांची तपासणीही महागच ठरते.