दमलेल्या गृहिणीची गोळी

व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंधारी गल्ली येते. नीटनेटक्या घरात मुलांचे डबे भरणारी बाई येत नाही. पण मंडळी, मेथॅम्फेटामिन या नशेच्या पदार्थाचा इतिहास तिच्याही स्वयंपाकघरातून जातो.

१८९३ मध्ये जपानच्या नागाई नागायोशी यांनी एफेड्रिनपासून हे रसायन बनवलं. १९३८ मध्ये जर्मनीत त्याची ‘पर्विटिन’ नावाची गोळी बाजारात आली. सैनिकांनी ती घेतली, हे अनेकांनी वाचलं असेल. पण गृहिणींसाठी हे औषध चॉकलेटात घालूनही विकलं गेलं. कामाला हुरूप येतो आणि भूक मरते, हे त्याचं आकर्षण! महायुद्धानंतर अमेरिकेतल्या उपनगरांत वजन आणि उदासी घालवायला डॉक्टरच याच कुळातल्या गोळ्या लिहून देत. १९७१ मध्ये तिथं निर्बंध कडक झाले. गोळ्या दुर्मीळ झाल्या, थकवा मात्र उरला. पुढे चोरट्या भट्ट्यांतला माल उपनगरांतही पोचला. मिरियम बोएरी यांनी २०१३ मध्ये ‘विमेन ऑन आइस’ या पुस्तकात तिथल्या स्त्रियांच्या कहाण्या मांडल्या.

या हुरूपाची किंमत शरीर मोजतं. झोप उडते, दात किडतात, हृदयावर ताण येतो, भास होतात. गरोदरपणात बाळालाही धोका असतो. उपचारानं सावरता येतं. पण बदनामीच्या आणि मुलं हिरावली जाण्याच्या धास्तीनं अनेकजणी दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

तिला दोष देण्याआधी एवढंच विचारावं, ती इतकी दमली कशानं?